पहिला निरोप कोणाचा?

साळवे मॅडमनी मला फसवलं. मला आणि माझ्या समोरच्या दुकानदाराला, गोप शेठला, दोघांना एकाच सकाळी एकाच वाक्यानं फसवलं. मध्यस्थानं खोटं बोलायचं नाही हे ज्या बाईनं उभं आयुष्य वर्गात शिकवलं, तिनं हे केलं. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, तेही मी लिहिणार आहे. पण आधी हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये माझं लाकडी फर्निचरचं दुकान आहे. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कपाटांना पॉलिश मारायचो. आज दोन शटरचं दुकान आहे आणि मागे कारखाना. हे सगळं जिभेवर उभं केलं. बाजारात मला कोणी फसवलं नाही असं नाही, पण फसवणाऱ्याला परत हिसका दाखवल्याशिवाय मी कधी सोडलं नाही. मॅडम तेवढ्या सुटल्या.

पहिल्यांदा आल्या त्या भर दुपारी. बुटकी बाई, केस कापलेले, साडीवर कॅनव्हासचे बूट. दुकानात पाऊल टाकून त्यांनी एकाही सोफ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही शटरं पाहिली.

"दोन्ही एकदम उघडतात का?"

"उघडतात. का, पळून जायचंय?"

"नाही. दोन माणसांना एकाच क्षणी आत यायचं असलं तर?"

मला वाटलं, बाई जरा सटकलेल्या आहेत. मग कळलं की मुंबईत विद्यापीठात शिकवतात. विषय काय, तर लोक एकमेकांवर गोळ्या का झाडतात आणि मग एक दिवस का थांबवतात.

मी म्हटलं, "थांबवतात कारण गोळ्या संपतात."

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण गोळ्या असतानाही थांबवतात, भोईर. ते का, हे शोधण्यात माझी वीस-पंचवीस वर्षं गेलीत."

दुकानावर पाटी आहे, त्यावरून नाव वाचलं होतं. पुढे कायम नुसतं 'भोईर'. शेठ नाही, भाऊ नाही.

त्यांना टेबल हवं होतं. डोक्याची बाजू, म्हणजे मानाची जागा, नसलेलं. मी म्हटलं, मग गोल घ्या. तर म्हणाल्या, गोल टेबलालाही एकाची पाठ दाराकडे होते, आणि ज्याला बंदुकीची सवय आहे तो दाराकडे पाठ करून बसत नाही. मग त्यांनी माझ्याच काउंटरवर खडूनं आकृती काढली. दोन अर्धी टेबलं, मध्ये वीतभर फट, दोन्हींची उंची आणि लाकडाची रेघ तंतोतंत एक.

"ही फट कशाला?"

"घरी जाऊन सांगता आलं पाहिजे की आम्ही त्यांच्याबरोबर एका टेबलाला बसलो नाही. आणि लांबून बघणाऱ्याला मात्र एकच टेबल दिसलं पाहिजे."

"मॅडम, हे टेबल नाही, ही लबाडी झाली."

"लबाडी नाही. सोय."

मी भाव सांगितला. अर्थात चढवून सांगितला, पुढे उतरायला जागा ठेवून. बाई म्हणाल्या, "ठीक आहे." बस. पहिल्या आकड्याला हो. माझ्यासारख्याचा याहून मोठा अपमान नाही. मी चार दिवस त्याच विचारात होतो की आणखी किती चढवायला हवा होता. टेबल बघायला परत आल्या तेव्हा मी विचारलंच, "तुम्ही घासाघीस का केली नाही?" म्हणाल्या, "तुम्ही ताकद घासाघिशीत घालवली असती. मला ती लाकडात हवी होती." आणि खरंच, त्या टेबलाला मी स्वतः पॉलिश मारलं. अनेक वर्षांनी हातात बोळा घेतला होता.

शांततेवर शिकवणारी बाई म्हटल्यावर हळू बोलणारी, हात जोडणारी कोणीतरी डोळ्यांसमोर येते. मॅडमचा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. बदलापुरात राहायच्या, तिथून स्कूटरवर यायच्या, वाटेत दोन-तीन जणांशी भांडूनच यायच्या. एकदा रांगेत घुसणाऱ्या एका माणसाला त्यांनी दाल-पकवानच्या गाडीवर असा झापला की गाडीवाल्यानं घाबरून आम्हाला चटणी जास्त दिली. मी म्हटलं, "शांतता शिकवता आणि असं ओरडता?"

पकवान मोडत म्हणाल्या, "ओरडतात तोवर माणसं बोलत असतात. चालू द्यावं. माणसं गप्प झाली की मला धडकी भरते."

एक खोड मात्र भारी होती. कोणी तक्रार सांगायला लागलं की अर्ध्यात थांबवायच्या. "आता तो काय म्हणतो ते सांग. त्याच्या बाजूनं." माझ्या कारागिरांनाही सोडलं नाही. एकदा मी गोप शेठची गाऱ्हाणी सांगत होतो, तर मलाच म्हणाल्या, गोप शेठ होऊन बोला. मी त्याचा हेल काढून, मान हलवून दाखवली. कारखाना हसला. मॅडम नाही हसल्या. "नक्कल नको, भोईर. त्याची बाजू मांडा. तो ऐकेल तर 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेल, अशी." मला नाही जमलं. मला राग आला आणि मी चहा मागवला.

त्या अंबरनाथच्या. वडील कारखान्यात कामगार. लहानपणी टाळेबंदी झाली तेव्हा कामगारांचे दोन तट पडले आणि फाटकासमोर दगडफेक झाली. मला म्हणाल्या होत्या, "दगड मारतो कोण, हे सगळे बघत होते. मी बघत होते की आदल्या दिवशी दगड गोळा कोण करून ठेवतो." त्यांचं शिक्षण तिथूनच सुरू झालं असावं. बाकीचं विद्यापीठात.

टेबल बसवायला विद्यापीठात मी स्वतः गेलो. वर्ग चालू होता. मागे बसून ऐकलं. पोरं अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला, आणि मॅडम मध्ये उभ्या. सांगत होत्या की मध्यस्थानं गोष्ट लपवली तर चालते, उशिरा सांगितली तर चालते, पण खोटी सांगायची नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एका खोट्यानं माणसं वाचत असली तर?"

"तर वाचतील. आणि पुढच्या वेळी तुला कोणी दारात उभं करणार नाही. मग त्या वेळची माणसं मरतील. मध्यस्थाचं दुकान एकाच मालावर चालतं."

मला हे फार आवडलं. खाली आल्यावर मी म्हटलं, "आमच्यात उलटं आहे. आमच्यात खोटं बोलता आलं नाही तर दुकान बंद."

"म्हणून तुमच्याकडे टेबलं मिळतात, तह मिळत नाहीत," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यानंतर टेबल पार देशाच्या पूर्वेकडे गेलं. तिथल्या एका डोंगराळ भागात दोन सशस्त्र गट होते, वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मॅडम त्यांच्या गावांतून हिंडलेल्या, दोन्हीकडच्यांना ओळखणाऱ्या. एका शाळेत बैठक ठरली. शाळेला समोरासमोर दोन दारं होती, ती त्यांनीच शोधली होती. टेबल मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कोपऱ्यांना पुठ्ठे लावून टेम्पोत चढवलं. माझ्या हातचं टेबल लढाई थांबवायला चाललंय, हे मी अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं.

ते परत आलं. प्लास्टिक तसंच. एकही गाठ सुटलेली नव्हती.

मॅडम दुकानात बसल्या आणि त्या गाठींवरून बोट फिरवत राहिल्या. मग कळलं. दोन्ही गट शाळेपासून हाकेच्या अंतरावर आले होते. दोघांचंही एकच विचारणं होतं: ते बसायला तयार आहेत का, आधी त्यांचा होकार आणा. दोघांनाही दुसऱ्याच्या आधी होकार द्यायचा नव्हता. मॅडम दुपारभर या झाडाखालून त्या झाडाखाली चालत राहिल्या. संध्याकाळी दोन्ही गट परत गेले. त्याच आठवड्यात तिथे गोळीबार झाला. मेलेल्यांत एक जण होता, जो दर खेपेला मॅडमना नावेतून नदीपार न्यायचा.

मी म्हटलं, "सांगायचं होतं ना एकाला, की समोरचा तयार आहे म्हणून. बाजारात आम्ही रोज सांगतो."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे टेबल कुठे ठेवू?" त्यांच्या मेव्हण्याची अंबरनाथच्या मोरिवलीत पॅकिंगची रिकामी शेड होती. तिथे ठेवलं.

आता माझं आणि गोप शेठचं सांगतो.

तो समोर फोम, गाद्या आणि कव्हरं विकतो. मी सांगाडा विकायचो, गिऱ्हाईक गल्ली ओलांडून फोम त्याच्याकडून घ्यायचं. आमच्या दोघांच्या सुरुवातीपासून हे असं. कागद नाही, करार नाही. मग एका वर्षी त्यानं तयार सोफे आणून ठेवले. तो म्हणतो, मी आधी फोम ठेवला. मी ठेवला होता, पण नमुन्यापुरता. असो. टेम्पो लावण्यावरून आमच्या माणसांची जुंपली. माझा सुतार रामअवध, त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. त्यानंतर गल्लीत शिवीगाळ बंद झाली. कोणी कोणाशी बोलेना. बाजारात 'आपले' आणि 'त्यांचे' सुरू झालं. ज्यांना सोफ्याशी घेणंदेणं नाही, ते मला येऊन विचारायचे, "भोईर शेठ, आम्ही आहोत हां, फक्त आवाज द्या." तिकडे गोप शेठलाही तसेच भेटत होते. दिवाळीचा सीझन तोंडावर आला होता, आणि सगळ्यांना माहीत होतं की पहिला टेम्पो आडवा लागला की होणार.

मॅडम आल्या. शटरच्या आत, भिंतीला टेबलाचे पाय उभे करून ठेवले होते. सागाचे, रंधा न मारलेले.

"हे कोणत्या टेबलाचे पाय?"

"ऑर्डरचे आहेत."

"टेबल कुठे आहे?"

मी काउंटरवरची बिलं सरळ करायला लागलो.

"भोईर, टेबल कुठे आहे?"

"मॅडम, तुम्ही यात पडू नका. तिकडेही असेच पाय आहेत. माझी माणसं मार खाणार नाहीत परत."

"मग गोप शेठशी बोला."

"मी? पहिला मी? ज्यानं पहिला निरोप धाडला तो हरला. हे या बाजारात पोरंसुद्धा जाणतात. रामअवधला काय तोंड दाखवू?"

त्या रामअवधजवळ जाऊन बसल्या. त्यानं हात दाखवला. दोन बोटं वाकत नव्हती. त्या ती बोटं बघत राहिल्या, मग उठून समोर गल्लीपलीकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "गोप शेठनं निरोप दिलाय. तो बसायला तयार आहे. त्यानं स्वतःहून सांगितलं."

मी जन्मभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेत. या चेहऱ्यावर काही वाचता आलं नाही. आणि कशाला संशय घेऊ? ही बाई खोटं बोलत नाही हे मी तिच्याच वर्गात ऐकलं होतं. छाती फुगली माझी. मी शटरवर थाप मारून माणसांना सांगितलं, "बघा, वाकला."

मोरिवलीच्या त्या शेडला दोन शटरं होती. एकातून मी, दुसऱ्यातून गोप शेठ, दोन्ही एकदम वर गेली. मध्ये माझं टेबल, प्लास्टिक काढलेलं. त्यानं आधी फटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, लकडी कम पडी क्या?"

"फोम भरायला जागा सोडली."

तो हसला नाही, पण मान खाली घालून त्यानं ओठ दाबले, ते मी पाहिलं. मॅडमनी नेहमीचीच युक्ती काढली. मी त्याची बाजू मांडायची, त्यानं माझी. पहिल्यांदा दोघांनीही शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा थोडं जमलं. मी म्हटलं, "त्याला वाटतं की मी फोम ठेवला, म्हणजे मी त्याला सांगितलं की तुझी गरज संपली." गोप शेठनं मान वर केली. मग म्हणाला, "हां. ये ही." मग तो माझ्या बाजूनं बोलला, आणि त्यात रामअवधची बोटं आली. ती त्यानं घातली. मी सांगितलेलं नव्हतं.

उन्हं उतरायच्या आत मिटलं. मिटलं म्हटलेलं मॅडमना चालायचं नाही. "थांबलं," म्हणायच्या. "थांबलं तरी पुष्कळ. आवडून घ्यायची गरज नाही." सांगाडा माझा, फोम त्याचा, पूर्वीसारखं. टेम्पोची वेळ वाटून घेतली. रामअवधचं ऑपरेशन गोप शेठनं त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे करवलं, आणि माझा सुतार पुन्हा रंधा धरायला लागला.

आणि दोन्हीकडचे ते पाय? सागाचे होते, फुकट कशाला घालवायचे. रामअवधनं त्यांच्या खुर्च्या केल्या. बसायला गाद्या गोप शेठनं दिल्या, चांगला फोम घालून. त्या दिवाळीला आमच्या गल्लीत असा धंदा झाला की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकाही डोक्याला टाका पडला नाही. ज्यांनी 'आवाज द्या' म्हटलं होतं, तेच भाव कमी करा म्हणत रांगेत उभे होते. त्यांना मी एक रुपया सोडला नाही.

पुढच्या वर्षी टेबल पुन्हा पूर्वेकडे गेलं. या वेळी त्या खुर्च्यांसकट. टेम्पो आमच्या गल्लीतून निघाला, अर्धा बाजार बघायला उभा. मॅडमचा फोन आला तेव्हा मी आणि गोप शेठ दाल-पकवानच्या गाडीवर होतो. एवढंच म्हणाल्या, "बसले." ते मी गोप शेठला सांगितलं. मग गोप शेठ गाडीवाल्याला म्हणाला, "सबको खिला. आज मेरे फोम पे जंग रुकी है." मी म्हटलं, "तुझ्या फोमवर? लाकूड कोणाचं?" भर रस्त्यात तासभर भांडलो. मजा आली. तिकडे गोळीबार थांबला, तो अजून थांबलेला आहे. मॅडमची पोरं त्यावर अभ्यास करतात. गावातल्या लोकांनी नदीवर नाव पुन्हा सुरू केली, असं त्या सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज तेवढ्यापुरता बारीक होतो.

फसवणूक उघडी पडली ती गोप शेठच्या पोराच्या साखरपुड्यात. व्याही मंडळींत बसून तो सांगत होता की हा भोईर माझा भाऊ, भांडण झालं तेव्हा मोठ्या मनानं ह्यानंच आधी निरोप पाठवला.

"मी? निरोप तू पाठवलास."

"साईं, झूठ मत बोल. अदी, अपनी मॅडम दीदी, मेरे दुकान पे आई थी. बोली, भोईर तैयार है, खुद उसने बोला."

"मला येऊन सांगितलं, गोप शेठ तयार आहे, त्यानं स्वतःहून सांगितलं."

तो जेवणाचं ताट हातात धरून उभा राहिला. मीही. व्याही घाबरले, त्यांना वाटलं आता लागली. इतकी वर्षं मी बाजारात त्याच्या पाठीमागे सांगत होतो की गोप वाकला. तोही इतकी वर्षं माझ्या पाठीमागे सांगत होता की भोईर वाकला. आणि वाकलं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही माझ्या गाडीत बसून बदलापूरला निघालो. अंबरनाथ जाईपर्यंत नुसत्या तिला शिव्या. "प्रोफेसर है, फिर भी," गोप शेठ म्हणत होता. मी म्हणत होतो, जाब विचारायचा. नियम तिचा, मोडला तिनं, आणि तो मोडायला आम्ही दोघंच सापडलो? त्या डोंगरात दुपारभर या झाडाखालून त्या झाडाखाली चालली तेव्हा मोडला नाही. दुसऱ्यांदा तिकडे काय बोलली, ते मी विचारणार नाही. गोप शेठनंही विचारू नये, असं मी त्याला गाडीतच बजावलं. जे थांबलंय ते थांबलेलं राहू दे. पण आमचं आम्हाला कळलं पाहिजे.

त्यांच्या इमारतीखाली टेम्पो उभा होता. टेबल चढलेलं होतं, दोन्ही अर्धी, वर खुर्च्या उलट्या बांधलेल्या. आणखी कुठेतरी कोणीतरी बसणार होतं. मॅडम ड्रायव्हरच्या शेजारी, पायात तेच कॅनव्हासचे बूट, मांडीवर डबा. आम्हाला एकाच गाडीतून उतरताना त्यांनी पाहिलं. दोघांचे चेहरे पाहिले. काय झालंय ते त्यांना कळलं. बाई मुळीच दचकल्या नाहीत.

काच खाली करून म्हणाल्या, "दोघंही विचारायला आलात. बरं. आधी कोण विचारणार?"

मी गोप शेठकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, पहले तू. आमचं हे चाललं असतानाच ड्रायव्हरनं गिअर टाकला. टेम्पो वळणावर गेला तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं मागच्या दोरीकडे बोट दाखवून खूण केली, की गाठ सैल आहे, पुढच्या वेळी नीट बांधा.

गाठ सैल नव्हती. मी बांधली नसली तरी मला तिथून दिसत होतं.

त्या अजून परतलेल्या नाहीत. फोन लागत नाही, तिकडे लागत नसतो. गोप शेठ म्हणतो, जाने दे. मी जाऊ देणार नाही. साळवे मॅडम, तुमच्या दुकानात एकच माल होता, आणि तो तुम्ही दोन सोफेवाल्यांवर उधळलात. कोणाच्या परवानगीनं? आम्ही तेवढ्या किमतीचे होतो का? याचा जबाब तुम्ही द्यायचा आहे. आल्यावर दुकानात या, दोन्ही शटरं उघडी ठेवतो, गोप शेठला बोलावून ठेवतो. पहिला मीच विचारतोय. हा निरोप माझाच आहे, आणि या खेपेला तो खरा आहे.